उताराची हाफ मॅरेथॉन, सपाट सोलापुरातून

नकाशावर शर्यतीचा मार्ग वरून खाली येताना दिसला की रनिंग ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: "पीबीची (स्वतःच्या सर्वोत्तम वेळेची) शर्यत आहे, नाव टाका." नाव जरूर टाका. पण उतार किती वेळ देतो आणि बदल्यात काय घेतो, हा हिशेब आधी करा. सोलापूरच्या धावपटूला तो जास्तच गरजेचा. आपला सराव सिद्धेश्वर तलावाभोवती, विजापूर रोडला किंवा होटगी रोडला होतो आणि तिथे उतार म्हणावा असं काही नाही. फुप्फुसं तयार होतात, मांड्या उताराला तयार होत नाहीत.

आधी मार्ग नीट वाचा. आयोजकांच्या पानावर 'डाउनहिल कोर्स' एवढंच लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. जीपीएक्स फाइल (मार्ग आणि त्याची उंची साठवणारी) मिळाली तर ती फोनवर उघडून दर किलोमीटरची उंची कागदावर लिहून काढा. १ किमीत ३० मीटर खाली म्हणजे ३ टक्के उतार. सगळे २१.०९७५ किमी सारखेच उतरणारे मार्ग विरळ. बहुतेक ठिकाणी आधी घाट, मग चढउतार आणि शेवटी गावातला सपाट रस्ता असतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा, म्हणजे दमलेल्या पायांनी उतार. मार्ग यातला कोणता आहे, यावर तयारी पूर्ण बदलते.

प्रशिक्षकांचा जुना ठोकताळा असा की १ टक्का चढ दर किलोमीटरला साधारण ८ सेकंद खातो आणि १ टक्का उतार साधारण ५ सेकंद परत देतो. म्हणजे चढाने घेतलेलं उतार पूर्ण फेडत नाही. ५-६ टक्क्यांच्या पुढे हा ठोकताळाही चालत नाही. प्रयोगशाळेतल्या ट्रेडमिलवर १० ते २० टक्के उतारालाच ऊर्जा सर्वात कमी लागते हे खरं, पण रस्त्यावर आणि शर्यतीच्या वेगात तिथे तुम्ही ब्रेक लावत धावता. ९ अंशांच्या, म्हणजे जवळपास १६ टक्के उतारावर पाऊल टेकतानाचा धक्का सपाटीपेक्षा सुमारे ५४ टक्के वाढतो आणि मागे खेचणारं ब्रेकचं बल ७३ टक्के वाढतं, असं मोजलं गेलं आहे. दम लागत नाही, म्हणून हे चटकन जाणवत नाही.

आता त्या बदल्याची गोष्ट. ज्वारीचं पोतं उचलताना स्नायू आखूड होतो. तेच पोतं सावकाश खाली ठेवताना स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी भारही धरून असतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू दर पावलाला हे दुसरं काम करतो. या कामाला ऊर्जा कमी लागते, पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होत राहतात. त्यामुळे घड्याळातला हार्ट रेट १४५ दाखवत असतो, श्वास शांत असतो, 'आज पाय भारी चाललेत' असं वाटतं आणि मांड्या मात्र आतून झिजत असतात. उतारावर हार्ट रेट बघून पेस, म्हणजे दर किलोमीटरचा वेळ, ठरवणं म्हणूनच फसवं. जाणिवेवर जाणंही फसवं. आकडा आधी ठरवावा आणि तोच पाळावा.

एक उदाहरण मांडतो. सपाटीवर १ तास ४५ मिनिटांची तयारी आहे, म्हणजे दर किमी ४:५९ (४ मिनिटं ५९ सेकंद). मार्ग असा धरा: पहिले ८ किमी ३ टक्के उतार, मधले ५ किमी किरकोळ चढउतार, शेवटचे ८ किमी सपाट. ठोकताळ्याने उतारावर दर किमी १५ सेकंद मिळायला हवेत, पण त्यातले १२च घ्या. म्हणजे ४:४७. आठ किमी ३८:१६ मध्ये होतात. उरलेलं अंतर ४:५९ ने धरलं तर एकूण १:४३:३२.

बाजूचा गडी काय करतो? त्याला उतारावर ४:२५ सहज जमतं, म्हणून तो ४:२५ ने जातो. आठ किमीनंतर तो तुमच्यापुढे १७६ सेकंद असतो, जवळजवळ तीन मिनिटं. त्याची शेवटच्या आठ किलोमीटरमधली गती दर किमी फक्त २२ सेकंदांनी घसरली की ती सगळी आघाडी संपते. आणि मांड्या गेलेल्या माणसाची गती २२ सेकंदांवर थांबत नाही. पाच-सवापाचवरून तो सहावर येतो, मग चालायला लागतो. उताराच्या शर्यतीचा निकाल बहुतेक वेळा उतार संपल्यानंतरच्या सपाटीवर लागतो. पुढचं सगळं त्या सपाटीसाठी आहे.

सरावाचा एक गुण आपल्या बाजूने आहे. एकदा उतरून मांड्या दुखल्या आणि भरून आल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढं नुकसान होत नाही. हे संरक्षण थोड्या उतारानेही मिळतं. पण न उतरता, नुसत्या सपाट लाँग रनने मिळत नाही.

उतार आणायचा कुठून? सोलापूरकराला जवळचा खरा उतार तुळजापूरच्या घाटात. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर, तुळजापूर बालाघाटाच्या रांगेत त्याहून दीड-दोनशे मीटर वर. कोजागरीला चालत गेलेल्या कुणालाही विचारा, पंचेचाळीस किलोमीटरमध्ये पाय कुठे बोलायला लागतात ते तो सांगेल. तोच तुकडा आपल्याला उलटा हवा आहे. पण मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्राचे दिवस टाळा, देवीच्या गर्दीत आणि गाड्यांत धावणं शहाणपणाचं नाही. उजेड फुटल्यावरच सुरुवात करा. मुख्य रस्त्यावर ट्रक ब्रेकवर उतरत असतात, म्हणून समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूला, डांबराच्या कडेबाहेर राहा. सोबत एक दुचाकी हवीच. उतरायचं धावत आणि वर यायचं दुचाकीवर मागे बसून. यात कमीपणा काही नाही, आपल्याला हवा आहे तो उतारच. फक्त वर येताना अंग गार पडतं, म्हणून पुढच्या फेरीआधी पाच मिनिटं हलकं धावा.

आठवड्यातून एकदाच घाट, त्याहून जास्त नको. दहा आठवडे हातात असतील तर पहिले दोन आठवडे घाटात जाऊच नका. शहरातल्या रेल्वेपुलाच्या उतारावर शंभर-दीडशे मीटरच्या सहा फेऱ्या, निम्म्या जोराने, पुरेशा आहेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घाटात ४ × ४०० मीटर. पाचव्या-सहाव्यात ३ × १ किमी, आणि प्रत्येक किमीच्या पायथ्याला न थांबता ४०० मीटर सपाट, शर्यतीच्या पेसने. सातव्या-आठव्यात २ × २ किमी, प्रत्येकाला जोडून १ किमी सपाट. उताराहून सपाटीवर येताना पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, जागच्या जागी धावतोय असं होतं. त्या अर्ध्या किलोमीटरची सवय लावणं हा या सरावाचा अर्धा हेतू. उतार संपला की थांबून घड्याळ बघणारे हा भाग गमावतात. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या १२ ते १४ दिवस आधी. त्यानंतर घाटाचं नाव काढू नका. प्रत्येक घाटसत्रानंतर ४८ ते ७२ तास इंटरव्हल किंवा टेम्पो असा वेगाचा सराव नको. दुखणं दुसऱ्या दिवशी कमाल गाठतं, तिसऱ्या दिवशी उतरायला लागतं. चौथ्या दिवशीही जिना उतरता येत नसेल तर मागचा डोस जास्त झाला, पुढच्या आठवड्यात निम्मा करा.

घाट जमत नसेल त्यांच्यासाठी, आणि जमतो त्यांच्यासाठीही, घरचा व्यायाम. आपल्याकडच्या तालमींत बैठका पिढ्यान्‌पिढ्या मारल्या जातात, फक्त तिथली बैठक झपझप आणि मोजणीची असते. आपल्याला संथ हवी: चार आकडे मोजत खाली, एका आकड्यात वर. पूर्ण खाली बसायची गरज नाही, मांडी जमिनीला समांतर आली की पुरे. १२ च्या ३ फेऱ्यांनी सुरू करा, चार आठवड्यांत १५ च्या ४ फेऱ्यांपर्यंत न्या, मग १० किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरा. दुसरा व्यायाम पायरीचा. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक पाय, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत जमिनीकडे न्यायची, नुसती टेकवायची, भार द्यायचा नाही, परत वर. प्रत्येक पायाला १० च्या ३ फेऱ्या. हे आरशासमोर करा, कारण गुडघा आत पडतोय हे आतून कळत नाही. गुडघा आत पडत असेल तर कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत, आणि उतारावर त्याचा जाब गुडघ्याची बाहेरची बाजू देते. तिसरा पोटरीचा: पायरीच्या कडेवर चवडे, टाचा सावकाश पायरीखाली, १५ च्या ३ फेऱ्या. आठवड्यातून दोनदा एवढं पुरे. जिममधल्या ट्रेडमिलचा मागचा भाग विटा लावून उचलण्याची शक्कल कुणीतरी सांगतंच. करू नका. पट्टा सरकतो, यंत्र हलतं आणि पडलात तर सरळ तोंडावर.

धावण्याच्या पद्धतीत फार बदल करू नयेत, पण चार गोष्टी बसवाव्यात. पावलं लहान आणि जलद: सपाटीवर मिनिटाला १७२ पडत असतील तर उतारावर १८० च्या आसपास. पाऊल कमरेखाली पडलं पाहिजे, शरीराच्या पुढे पडलं की प्रत्येक पाऊल ब्रेक. झुकायचं घोट्यातून, कमरेत वाकलं की पाठ धरते. आणि मागे रेलायचं तर मुळीच नाही. घाबरलेला माणूस मागे रेलतो, टाचा आपटतो आणि मांड्यांवर आणखी भार घेतो. हात जरा बाहेर, तोल राखण्यापुरते. पावलांचा आवाज ऐका: फट-फट असा येत असेल तर आपटताय. नजर पायाशी नको, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा.

बुटांबद्दल दोनच मुद्दे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं बुटाच्या टोकावर आदळून काळी पडतात. सरकू नये म्हणून नाडी वरच्या शेवटच्या भोकातून आतल्या बाजूने काढून घोट्याजवळ फास तयार करा, दुसरी नाडी त्या फासातून ओवून आवळा. टाच जागेवर बसते. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापलेलं नख बोचतं. कार्बन प्लेटचे उंच तळाचे बूट सरळ उतारावर झकास, पण घाटाच्या वळणांवर घोट्याला डगमगवतात. ते घालूनच घाटात दोन सत्रं केली असतील तरच शर्यतीत घाला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी खाण्यात प्रयोग नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपल्याला कितीही प्रिय असली तरी दोन दिवस बाजूला ठेवा: तंतुमय पदार्थ, तेल, तिखट आणि वर उताराचे हादरे, हे पोटाला झेपत नाही. वरण-भात, दही-भात बरा. पॉइंट टू पॉइंट, म्हणजे एकीकडे सुरू होऊन दुसरीकडे संपणारी, शर्यत असेल तर बस पहाटे वर नेऊन सोडते आणि तास-दीड तास थंडीत उभं राहावं लागतं. फेकून देता येईल असा जुना टी-शर्ट किंवा जुना टॉवेल सोबत ठेवा. सोलापुरी चादर घरीच राहू द्या, ती फेकवणार नाही. उताराची सुरुवात असली म्हणून वॉर्मअप सोडू नका. उलट इथे जास्त लागतो, कारण पहिल्याच मिनिटाला पाय वेगात पडतात. दहा मिनिटं हलकं धावणं आणि ८०-१०० मीटरच्या चार झेपा.

वयोगटातल्या नंबरासाठी धावत असाल तर नियमपत्रिका वाचा. चिप टाइम (तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनचा) स्वतःसाठी असतो, पण अनेक शर्यतींत नंबर बंदुकीच्या वेळेवर, म्हणजे शर्यत सुटल्यापासूनच्या वेळेवर, लागतात. मागे उभं राहून गेलेली वीस सेकंदं परत मिळत नाहीत. म्हणून आपल्या पेसच्या लोकांत, पुढच्या बाजूला उभे राहा. उतारावरची सुरुवात धक्काबुक्कीची असते, पहिले ३०० मीटर कोपरं सांभाळा आणि कुणाच्याही टाचेमागे चिकटू नका, पुढचा अडखळला तर थांबायला जागा नसते. प्रमाणित मार्ग धावता येण्याजोग्या सर्वात जवळच्या रेषेने, वळणाच्या कडेपासून ३० सेंमीवर मोजलेला असतो, आणि वर हजाराला एक या हिशेबाने २१ मीटर जास्तीचे घातलेले असतात. तुम्ही प्रत्येक वळणाला बाहेरून गेलात तर अंतर तुमचंच वाढतं. रस्ता वाहनांना बंद असेल तरच एका वळणाच्या आतून दुसऱ्याच्या आत अशी सरळ रेषा धरा. अर्धा रस्ता चालू असेल तर दिलेल्या पट्टीतच राहा. घाटात घड्याळाचं जीपीएसही वळणं कापतं, दरडीच्या बाजूला भरकटतं. लॅप बटण किलोमीटरच्या पाटीवर हाताने दाबा.

स्पर्धक पुढे निघून जातील. जाऊ द्या. उतारावर त्यांना गाठायला जाणं ही या शर्यतीतली सर्वात महाग चूक. हल्ला करायचाच तर उतार संपून सपाटी सुरू होते तिथे: बाकीचे लाकडी पायांनी चाचपडत असतात आणि तुम्ही त्या अर्ध्या किलोमीटरचा सराव केलेला असतो. पावलांची गती तीच ठेवा, लांबी आपोआप येते.

जेल (धावताना ऊर्जेसाठी घ्यायची गोड पुडी) आणि पाणी तीव्र उतारावर घेऊ नका. हादऱ्यांत घोट चुकतो, बाजूला कळ येते. दर ३५-४० मिनिटांनी जेल, तेही उतार मंद होतो तिथे, दोन घोट पाण्यासोबत. आणखी एक: खाली येताना हवा तापते, दर १०० मीटरला साधारण ०.६५ अंश. २४० मीटर उतरलात तर दीड अंश तिथेच वाढला, वर सूर्य चढलेला. सोलापूरचा उन्हाळा अंगवळणी पडलेल्यांना यात विशेष वाटणार नाही, पण पाणी मात्र खालच्या टप्प्यातच जास्त लागतं.

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही मांड्या सारख्या दुखणं ठीक. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एकाच जागी, दर वेळी त्याच अंतराला सुरू होणारी आणि उतारावर वाढणारी कळ ठीक नाही, तिथे थांबायचं. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी खाऊन निघणं धोक्याचं, पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर जाते. शर्यतीनंतर लघवी कोलासारखी गडद झाली तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटलेले असू शकतात. मग वाट न बघता दवाखाना.

शर्यतीचा वेळ इतरांना सांगताना मार्गही सांगावा. विक्रमासाठी नियम असा की सुरुवातीपेक्षा शेवट हजाराला एकपेक्षा जास्त खाली नको, म्हणजे हाफला २१ मीटर, आणि सुरुवात-शेवटातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको. वरच्या उदाहरणातला मार्ग एकट्या घाटातच २४० मीटर उतरतो. २०११ मध्ये बोस्टनला जेफ्री मुताईने २:०३:०२ ची मॅरेथॉन धावली, तेव्हाच्या विक्रमापेक्षा जलद, पण मार्ग या दोन्ही नियमांत बसत नसल्याने तो विक्रम धरला गेला नाही. आता बोस्टननेच २०२७ च्या प्रवेशासाठी दाखवायच्या वेळेत, मॅरेथॉन १,५०० ते २,९९९ फूट उतरणारी असेल तर ५ मिनिटं आणि ३,००० ते ५,९९९ फूट उतरणारी असेल तर १० मिनिटं वाढवायचं ठरवलं आहे; ६,००० फूट किंवा जास्त उतरणारी धरलीच जात नाही. म्हणून घाटातली १:४३ ही घाटातली १:४३. पुढच्या सपाट शर्यतीचा पेस तिच्यावरून काढू नका, सपाटीची १:४५च धरा.

परतीचा प्रवास हा विषय कुणी काढत नाही, पण साताऱ्याहून सोलापूरला चार-पाच तास बसून आलात की गाडीतून उतरताना दरवाजा धरावा लागतो. तासाभराने गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. त्या दिवशी जोराचं मालिश नको, इजा झालेल्या स्नायूंना ते आवडत नाही. पहिले चार-पाच दिवस चालणं किंवा सायकल, मग हलकं धावणं, वेगाचं काम दहा-बारा दिवसांनी. आणि सोमवारी ऑफिस दुसऱ्या मजल्यावर असेल तर कठडा धरून जिना उलट्या पावलांनी उतरा. लोक हसतील, पण मांड्यांना तेच झेपतं.